मोठा टीव्ही घेण्याआधी खोली मोजा

५५ इंची टीव्ही ५५ इंच रुंद नसतो. पडद्याच्या एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतची लांबी म्हणजे हे माप. खोक्यावर तेच १३८ किंवा १३९ सेंटिमीटर असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात हा पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर उंच, म्हणजे चार फूट बाय सव्वादोन फूट भरतो. ६५ इंचीत रुंदी १४४ आणि उंची ८१ सेंटिमीटर होते. नुसत्या आकड्यांवरून डोळ्यांना अंदाज येत नाही. म्हणून जुन्या वर्तमानपत्राची पानं चिकटवून त्या मापाचा कागद करा, टीव्ही लागणार त्या भिंतीवर लावा आणि दोन दिवस रोजच्या जागी बसून बघा. नागपुरात बर्डीवरच्या मोठ्या दुकानात छत उंच असतं, समोर बरीच मोकळी जागा असते, तिथे ६५ इंची टीव्हीही बेताचाच वाटतो. तोच धरमपेठेतल्या एखाद्या फ्लॅटच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये अख्खी भिंत व्यापतो.

किती मोठा घ्यायचा हे बसायच्या अंतरावर ठरतं, आणि ते मोजताना बहुतेक घरांत चूक होते. भिंत ते भिंत मोजून चालत नाही. सोफ्यावर टेकून बसलेल्या माणसाचे डोळे मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे असतात आणि टीव्ही समोरच्या भिंतीपासून तीन-चार इंच पुढे येतो. दहा फुटी खोलीत खरं अंतर पावणेआठ-आठ फूटच उरतं. डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं हे अंतर इंचांत घ्या आणि १.६ ने भागा. येईल तो आकडा म्हणजे तुमच्या टीव्हीचं माप. ९२ इंच अंतर असेल तर उत्तर ५७ येतं, म्हणजे ५५ इंची. यामागचा हिशेब असा, की पडद्याने आपल्या नजरेचा साधारण ३० अंशांचा कोन व्यापला तर चित्र भरल्यासारखं वाटतं आणि मान फिरवावी लागत नाही. या हिशेबाने ४३ इंचीला सहा फूट, ५५ इंचीला साडेसात, ६५ इंचीला नऊ आणि ७५ इंचीला दहा फूट अंतर जुळतं. घरात मुख्यतः सिनेमेच बघत असाल तर याहून दीड-दोन फूट जवळ बसलं तरी चालतं. बातम्या आणि मालिकाच जास्त असतील तर जवळ बसणं अंगाशी येतं. का ते पुढे पाहू.

ठिपक्यांचा हिशेब

पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं, त्यांना पिक्सेल म्हणतात. ‘एचडी रेडी’ टीव्हीत आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे साडेदहा लाख ठिपके असतात. फुल एचडीत १९२० बाय १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख. फोर-केमध्ये ३८४० बाय २१६०, म्हणजे ८३ लाख. आता ४३ इंच आणि त्यावरच्या मापांत दुकानात बहुतेक फोर-केच मिळतो, त्यामुळे घ्यायचा की नाही हा प्रश्न फारसा उरलेला नाही. एट-केमध्ये ३.३ कोटी ठिपके असतात, पण त्या दर्जाचे चॅनेल आपल्याकडे नाहीत. त्यावर पैसे घालू नयेत.

खरा प्रश्न आहे टीव्हीत काय येतंय हा. सेट-टॉप बॉक्सवरचा साधा, म्हणजे एसडी चॅनेल ७२० बाय ५७६ ठिपक्यांचा असतो. एकूण सव्वाचार लाखांच्याही आत. फोर-के पडद्यावर ठिपके त्याच्या बरोबर वीसपट आहेत. म्हणजे दर २० ठिपक्यांतला एकच खरा असतो, बाकीचे १९ टीव्ही शेजारचे रंग पाहून अंदाजाने भरतो. या कामाला अपस्केलिंग म्हणतात. महागड्या टीव्हीचा प्रोसेसर हा अंदाज बऱ्यापैकी बांधतो, स्वस्त टीव्हीत चेहरे मेणाचे केल्यासारखे दिसतात. नवा टीव्ही घरी आला आणि जुन्यापेक्षा वाईट दिसतो, ही तक्रार बहुधा यातूनच येते. टीव्हीत बिघाड नसतो. बारीक छापलेला फोटो मोठा करून भिंतीवर लावला तर जे होईल तेच इथे होतं.

डोळ्यांची ताकदही मोजता येते. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. त्यावरून हिशेब केला तर ५५ इंची पडद्यावरचं एसडी चित्र ठिपके न जाणवता बघायला साधारण १३ फूट लांब बसावं लागेल. फुल एचडीला सात फूट पुरतात आणि फोर-केला साडेतीन. म्हणजे आठ फुटांवरून फुल एचडी आणि फोर-के यांच्यातला फक्त ठिपक्यांचा फरक डोळ्यांना कळणारच नाही. तेवढ्या अंतरावरून जो फरक दिसतो तो काळ्या रंगाचा, उजेडाचा आणि रंगांचा. किमतीतला खरा फरकही तिथेच असतो.

घरात फ्री डिश असेल तर तिच्यावरचे बहुतेक चॅनेल एसडीच आहेत, त्यामुळे ४३ इंचाच्या पुढे जाताना दहादा विचार करा. केबल किंवा डीटीएच असेल तर एचडी बॉक्स आणि एचडी पॅक, दोन्ही लागतात. त्यानंतर टीव्हीच्या मागे जाऊन वायर बघा. पिवळ्या-लाल-पांढऱ्या टोकांच्या जुन्या एव्ही वायरमधून एचडी चित्र येतच नाही. बॉक्स एचडी, पॅक एचडी, टीव्ही फोर-के आणि मध्ये जुनी एव्ही वायर असं असलं तर महिन्याचे पैसे वाया जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. एचडीएमआय वायर लावा, बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १०८०आय किंवा बॉक्सला जमत असेल तर १०८०पी करा. मग टीव्हीच्या मेनूत चित्राचा आकार ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ वर ठेवा. हे केलं नाही तर बरेच टीव्ही चित्र थोडं ताणून चारही कडा कापतात आणि क्रिकेटचा धावफलक अर्धा पडद्याबाहेर जातो.

खरं फोर-के बहुतेक इंटरनेटवरूनच येतं. नेटफ्लिक्स त्यासाठी १५ एमबीपीएस वेग सुचवतं आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा खर्च होतो. शिवाय फोर-के सर्वांत महागाच्या प्लॅनमध्येच मिळतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे परवडणारं नाही. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर पाच गिगाहर्ट्झचा वाय-फाय दोन जाड भिंतींपलीकडे नीट पोचत नाही आणि चित्र मधूनमधून धूसर होतं. लॅनची वायर टाकता आली तर सर्वांत बरं. बहुतेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, पण एवढ्या कामाला ते भरपूर होतं.

पॅनेल: कुठे बसून बघणार?

‘एलईडी टीव्ही’ म्हणजे मुळात एलसीडीच. पुढे रंगांच्या खिडक्यांची काच आणि मागे एलईडी दिव्यांचा उजेड. काळा रंग दाखवायचा तर खिडकी बंद करायची, पण ती पूर्ण बंद होत नाही आणि थोडा उजेड पाझरतोच. किती पाझरतो ते पॅनेलच्या, म्हणजे या काचेच्या, जातीवर अवलंबून असतं. व्हीए पॅनेलमध्ये पांढऱ्या आणि काळ्यातला फरक साधारण ३००० ते ५००० पट असतो, आयपीएसमध्ये १००० पटीच्या आसपास. म्हणून अंधाऱ्या खोलीत व्हीएचा काळा रंग काळाच दिसतो आणि आयपीएसचा राखाडी. पण बाजूने पाहिलं की व्हीएचे रंग फिके पडतात, आयपीएसचे टिकतात. आपल्या बैठकीत एक जण सोफ्यावर, दोघे बाजूच्या दिवाणावर, मुलं जमिनीवर आणि कोणी स्वयंपाकघराच्या दारातून बघतं. अशा घराला आयपीएस बरा. दोघं-तिघंच समोर बसून रात्री सिनेमा बघत असतील तर व्हीए घ्यावा. पॅनेलची जात माहितीपत्रकावर क्वचितच लिहिलेली असते, म्हणून दुकानात टीव्हीच्या बाजूला ४५ अंशांवर उभं राहून माणसांच्या चेहऱ्याचा रंग बघा. कळतं.

मागचे दिवे कुठे आहेत यानेही फरक पडतो. ते फक्त कडेला असतील तर टीव्ही पातळ होतो, पण काळ्या प्रसंगात कोपरे उजळ दिसतात. दिवे पूर्ण पाठीमागे पसरलेले असतील आणि त्यांचे वेगवेगळे गट हवे तिथे मंद होत असतील तर त्याला लोकल डिमिंग म्हणतात. मिनी एलईडी हा त्याचाच पुढचा प्रकार, दिवे बारीक आणि गट शेकडोंनी. क्यूएलईडी नावाने दबून जाऊ नका. तोही एलसीडीच आहे, फक्त दिव्यांपुढे क्वांटम डॉटचा थर असतो, त्यामुळे लाल आणि हिरवा जास्त शुद्ध दिसतात. ओएलईडी मात्र खरंच वेगळा. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा पूर्ण काळा. चित्राच्या दर्जात त्याला तोड नाही. पण ज्या घरात सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत बातम्यांचा एकच चॅनेल चालू असतो, तिथे खालची लाल-पिवळी पट्टी आणि कोपऱ्यातलं चॅनेलचं चिन्ह काही वर्षांत पडद्यावर कायमचं उमटू शकतं. त्याला बर्न-इन म्हणतात. तशा घराने ओएलईडी घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

एचडीआर हा शब्द आता प्रत्येक खोक्यावर असतो. याचा अर्थ चित्रातला सर्वांत उजळ भाग खरोखर झळकावा आणि काळोखातला तपशीलही दिसावा. टीव्हीचा उजेड निट या एककात मोजतात. एचडीआर सिनेमे बहुधा १००० निटच्या पडद्यावर पाहून तयार केलेले असतात. स्वस्त टीव्हीचा उजेड २५० ते ३०० निटच असतो. तो एचडीआर ओळखतो, पण दाखवू शकत नाही, आणि कित्येकदा चित्र उलट अंधारलेलं वाटतं. ६०० निटच्या पुढे फरक जाणवायला लागतो. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ मध्ये प्रत्येक प्रसंगाच्या उजेडाची माहिती चित्रासोबत येते, त्यामुळे मध्यम ताकदीचा टीव्हीही जरा बरं काम करतो. साध्या एचडीआर१० मध्ये अख्ख्या सिनेमाला एकच सूचना असते. पॅनेल दहा बिटचं असेल तर १०७ कोटी रंग दाखवता येतात, आठ बिटचं असेल तर १.६७ कोटी. संध्याकाळच्या आकाशात रंगांचे पट्टे दिसले तर बहुतेक वेळा हेच कारण असतं, नाहीतर चॅनेलचा कमी दर्जा.

खिडकीसमोर टीव्ही लावू नका. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी पडदे ओढलेले असतात, खिडक्यांना ताट्या लागलेल्या असतात, तेव्हा सगळेच टीव्ही चांगले दिसतात. डिसेंबरात पडदे उघडले की समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडद्यावर येतं आणि ते कोणत्याही सेटिंगने जात नाही.

आता क्रिकेट. नागपूरच्या जामठा स्टेडियमवरचा सामना असो की कुठलाही, आपल्याकडचं एचडी प्रक्षेपण सेकंदाला ५० अर्धचित्रांचं असतं. एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. टीव्हीला त्या सांधून पूर्ण चित्र करावं लागतं. हे नीट जमलं नाही तर वेगाने जाणाऱ्या चेंडूच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात. पॅनेल ६० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारं, आहे की १२० चं, ते विचारा. ‘मोशन रेट २४०’ सारखे आकडे कंपनीचे स्वतःचे असतात, पॅनेलचा वेग ते सांगत नाहीत. टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते, तिला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते. ती दोन चित्रांमध्ये तिसरं चित्र स्वतः तयार करून घालते. क्रिकेटला ती कमी प्रमाणात ठेवायला हरकत नाही. सिनेमा मात्र सेकंदाला २४ चित्रांवर चित्रित होतो आणि ही सोय चालू असेल तर तो घरगुती व्हिडिओसारखा दिसायला लागतो. सिनेमाला ती बंदच ठेवा. २०२० पासून काही टीव्हींत ‘फिल्ममेकर मोड’ येतो. तो निवडला की ही सोय आपोआप बंद होते.

मागची भोकं आणि वायरी

तीन एचडीएमआय हवीत: एक सेट-टॉप बॉक्सला, एक साउंडबारला, एक मोकळं. ज्यावर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय तेच साउंडबारसाठी, दुसऱ्यात लावलं तर टीव्हीचा आवाज बारमध्ये येत नाही. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला एचडीएमआय २.० पुरतं. २.१ ची खरी गरज गेमिंग कन्सोल जोडणाऱ्यांनाच, कारण त्यातून फोर-के १२० हर्ट्झने जातं. बाहेरच्या यंत्रातून एचडीआर येत नसेल तर टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टसाठी ‘एन्हान्स्ड’ किंवा तशाच अर्थाचा पर्याय बंद असतो, तो चालू करा.

घराचं काम चालू असेल आणि वायर भिंतीतून न्यायची असेल तर पाऊण इंची पाइप टाकू देऊ नका. त्यातून एचडीएमआयचं टोक जातच नाही. दीड इंची पाइप आणि गोल वळण, काटकोनी एल्बो नको. आत एक दोरी घालून ठेवा.

आवाजाबद्दल थोडक्यात. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, बहुतेकदा २० वॅटचे. फरशी, रिकाम्या भिंती आणि त्यात कूलरचा घरघराट, मग संवाद ऐकूच येत नाहीत आणि आवाज वाढवला की गाणी कानठळ्या बसवतात. पहिला उपाय फुकटचा: आवाजाच्या मेनूत ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ मोड. दुसरा, जमिनीवर सतरंजी किंवा गालिचा. तिसरा ३.१ साउंडबार. त्यातल्या तीन स्पीकरांपैकी मधला खास संवादांसाठी असतो. नुसता मोठा सबवूफर असलेला २.१ घेतला तर धमधम वाढेल, बोलणं तेवढंच पुसट राहील.

नागपूरचा उन्हाळा, कूलर आणि वीज

टीव्हीसोबत येणाऱ्या पुस्तिकेत एक ओळ असते जी कोणी वाचत नाही: वापराचं तापमान ४० अंशांपर्यंत, आर्द्रता ८० टक्क्यांपर्यंत. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला दुपारी हात लावून बघा, ती तव्यासारखी तापलेली असते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. त्या भिंतीवर चिकटवून लावलेल्या टीव्हीला मागून भिंतीची आणि आतून स्वतःच्या दिव्यांची उष्णता मिळते. एलईडी पट्ट्या आणि पॉवर सप्लायमधले कपॅसिटर यानेच लवकर जातात. आवाज येतो पण चित्र काळं, असं झालं तर अंधारात मोबाइलची टॉर्च पडद्यावर तिरपी धरा. आत फिकं चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, मागचे दिवे किंवा त्यांना वीज देणारा भाग गेलाय. ही दुरुस्ती होते आणि नव्या पॅनेलपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते. तपासण्याआधी ‘पॅनेल गेलं’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

टीव्ही आतल्या भिंतीवर लावा, चारही बाजूंनी दहा सेंटिमीटर जागा सोडा, लाकडी कपाटाच्या बंद कोनाड्यात कोंबू नका. बॅकलाइट शंभरवर ठेवायची गरज रात्री कधीच नसते. ६० ते ७० वर ठेवलात तर दिवे जास्त काळ टिकतात आणि बिलही कमी येतं.

कूलरचा विषय जास्त महत्त्वाचा, कारण त्याचं नुकसान हळूहळू होतं. कूलरच्या झोतात नुसता गारवा नसतो, पाण्याचे सूक्ष्म कण असतात, आणि बोअरच्या जड पाण्यात क्षार भरपूर. पॅनेलच्या कडांना कागदासारख्या पातळ फिती काचेला चिकटवलेल्या असतात, त्यांतूनच चित्राचे संकेत आत जातात. ओलावा आणि क्षार तिथे पोचले की धातूच्या केसाएवढ्या रेषा गंजतात आणि पडद्यावर उभी किंवा आडवी रेघ येते. आधी टीव्ही तापल्यावर जाणारी, मग कायमची. ही फीत पुन्हा चिकटवण्याचं यंत्र मोजक्याच कारागिरांकडे असतं. त्यामुळे कूलरचा झोत टीव्हीवर सरळ येणार नाही अशी मांडणी करा. कूलर आणि टीव्ही समोरासमोर असतील तर झडपा तिरप्या वळवा. आणि जून उलटून पाऊस सुरू झाला की कूलरचं पाणी बंद करा, कारण बाहेरची हवाच तेव्हा दमट असते आणि खोलीतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते.

विजेबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. टीव्हीच्या पाठीवरची पट्टी वाचा. त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर कमी व्होल्टेजने त्याचं काही बिघडत नाही, त्यासाठी स्टॅबिलायझर नको. धोका जास्त व्होल्टेजचा. खांबावरची किंवा इमारतीच्या मीटरपाशी न्यूट्रल वायर तुटली तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि सगळ्या मजल्यांवरचे टीव्ही, फ्रिज एकदम जातात. यासाठी ठराविक मर्यादेवर वीज तोडणारा स्टॅबिलायझर किंवा मीटरबोर्डात बसणारा ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर घ्या. स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका शोषतो, पण अर्थिंग नसेल तर त्याचं अर्धं काम होतच नाही. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टपेक्षा बरंच जास्त आलं तर अर्थिंगकडे लक्ष द्यायला हवं.

५५ इंची एलईडी टीव्ही साधारण १२० वॅट घेतो असं धरलं तर रोज पाच तासांचे ०.६ युनिट, महिन्याला १८ युनिट होतात. बीईई या वीजबचतीच्या सरकारी संस्थेच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, दोन मॉडेलांची तुलना त्यावरून करा.

भिंतीवर चढवताना

उंचीची चूक सर्रास होते. देवाच्या तसबिरीच्या रांगेत टीव्ही लावतात आणि मग मान दुखते. सोफ्यावर बसलेल्याचे डोळे जमिनीपासून साधारण १०५ सेंटिमीटरवर असतात, पडद्याचा मध्य तिथेच किंवा थोडा वर असावा. ५५ इंचीची खालची कड मग जमिनीपासून ७० सेंटिमीटरच्या आसपास येते. व्हीए पॅनेल उंच लावला तर मानेसोबत रंगही बिघडतात, कारण खालून बघणं हेही तिरपं बघणंच झालं.

टीव्हीच्या पाठीवर चार भोकं असतात, त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये म्हणजे वेसा माप: २०० बाय २००, ४०० बाय ३०० वगैरे. स्टँड त्याच मापाचा घ्या आणि स्क्रू टीव्हीसोबत आलेलेच वापरा. लांब स्क्रू आत घुसून बोर्ड फोडतो आणि ते वॉरंटीत येत नाही. ५५ इंची टीव्ही साधारण १५ किलोचा असतो. विटेच्या भिंतीत फास्टनर प्लास्टरखेरीज किमान पाच सेंटिमीटर खोल जायला हवा, नुसत्या प्लास्टरवर भरवसा नको. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या माती-चुन्याच्या भिंतीत फास्टनर धरत नाही, ड्रिल लावलं की माती भसाभसा गळते. तिथे टेबलावरचाच स्टँड बरा, किंवा छतापासून जमिनीपर्यंत उभी लोखंडी चौकट.

दुकानात आणि घरी आल्यावर

दुकानातला टीव्ही ‘शोरूम मोड’वर असतो, उजेड आणि रंग शिखरावर, आणि कंपनीचा खास व्हिडिओ चालू. फुलं, मासे, मध. या चित्रांवर कोणताही टीव्ही सुंदर दिसतो. ‘स्टँडर्ड’ मोड लावायला सांगा, एक साधा बातम्यांचा चॅनेल आणि एक रात्रीचा प्रसंग बघा. त्यासाठी घरून पेन ड्राइव्ह न्यायला संकोच करू नका. मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत टिपून घ्या, कारण एका अक्षराच्या फरकाने पॅनेल, पोर्ट आणि किंमत बदलते. पाठीवर बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, बघा. ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, बिलावर तो १८ टक्केच हवा.

६५ इंचीचा खोका दीड मीटरहून लांब असतो. लिफ्टचा दरवाजा आणि जिन्याचं वळण आधी मोजा. खोका नेहमी उभा न्यायचा. आडवा ठेवला की काच स्वतःच्या वजनाने वाकते आणि आतून तडकते. बाहेरून ओरखडाही दिसत नाही. म्हणून तंत्रज्ञ समोर असतानाच खोका उघडा, टीव्ही लगेच चालू करून पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि काळा असे पूर्ण एकरंगी पडदे यूट्यूबवरून लावून मेलेले ठिपके आणि कोपऱ्यातला उजेड तपासा. अनुक्रमांकाचा फोटो बिलासोबत जपा.

सेटिंग एकदाच नीट लावा. चित्राचा मोड ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’, रंगाचं तापमान ‘वॉर्म’. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग ‘कूल’ निळसर का होता ते कळेल. शार्पनेस शून्य ते दहाच्या दरम्यान. जास्त केला की अक्षरांभोवती पांढरी कड येते. ‘ब्राइटनेस’ आणि ‘बॅकलाइट’ यांत गल्लत करू नका. बऱ्याच टीव्हींत ब्राइटनेस हा काळा रंग किती काळा ते ठरवतो, आणि खोलीचा उजेड पाहून बदलायचा तो बॅकलाइट. ब्राइटनेस अशा ठिकाणी थांबवा, की काळ्या केसांतल्या बटा दिसतात पण काळा कोपरा राखाडी होत नाही.

पुसताना कोरडं मायक्रोफायबर कापड, टीव्ही बंद आणि गार झाल्यावर. दिवाळीच्या साफसफाईत काचेचा फवारा पडद्यावर मारणं सर्वांत वाईट. द्रव ओघळून खालच्या कडेत शिरतो आणि नेमक्या त्याच पातळ फितींवर जातो ज्या कूलरच्या ओलाव्याने गंजतात. डाग निघतच नसेल तर कापडाला अगदी थोडं पाणी लावून, कापड पिळून, वरून खाली न पुसता आडवं पुसा.

मार्च ते जून नागपुरात वळवाचे पाऊस गडगडाटासह येतात. ढग गडगडायला लागले की टीव्हीचा प्लग सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. सेट-टॉप बॉक्सचा प्लग काढा आणि गच्चीवरच्या छत्रीकडून येणारी गोल वायरही बॉक्सपासून सोडवा. विजेचा झटका बऱ्याचदा त्या वायरीतून बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयमार्गे टीव्हीच्या मदरबोर्डात शिरतो, तेव्हा स्टॅबिलायझर बाजूला नुसता बसलेला असतो. लॅनची वायर असेल तर तीही काढा.